दोन पंप मारा, मग गिअर टाका

खालचा सिलिंडर म्हणतात मला. गाडीच्या क्लचचा खालचा सिलिंडर. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काहीच आलं नसेल आणि त्यात तुमचा दोष नाही. गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना मी आहे हेच ठाऊक नसतं. मी बिघडलो की कळतं, आणि कळलं की पहिली शिवी मला बसते.

डावा पाय पेडलवर पडला की पेडल वरच्या सिलिंडरला ढकलतं. हा वरचा बॉनेटखाली, कोरड्या जागी, पेडलच्या पाठीला पाठ लावून बसतो. त्याच्याकडून ऑइल एका बारीक नळीतून माझ्याकडे येतं. मी खाली, गिअरबॉक्सला चिकटलेला, जिथे चिखल उडतो आणि कुत्री सावलीला झोपतात तिथे. ऑइलचा दाब आला की माझ्या पोटातला पिस्टन पुढे सरकतो आणि सगळी ताकद लावून क्लच सोडवतो. तेवढ्यापुरती इंजिनाची आणि चाकांची फारकत होते आणि गिअर बदलता येतो. वरच्याने हुकूम सोडायचा आणि मी ओझं उचलायचं, असा हा संसार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी जन्मभर नळीच्या खालच्या टोकाला बसून पाहिलं.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेला धातू ओतला, थंड केला, पोट आतून गुळगुळीत कातलं आणि पिस्टनवर रबरी कप चढवला. तो नखाएवढा कप म्हणजे माझा जीव. तो धड तर मी धड. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर माझ्या शेजाऱ्याच्या पोटात केसाएवढा ओरखडा निघाला. तपासणाऱ्या बाईने गप्पा न थांबवता त्याला मागच्या पिंपात भिरकावलं. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. मी सुपात होतो, मी हसलो.

गाडी घेतली ती बाबांनी. बाबा म्हणजे या घरातले वडील. शाळेत गणित शिकवायचे आणि घरातही शाळाच भरवायचे. त्यांचा पाय चांगला होता, हे कबूल करायला हवं. दाबला की पूर्ण, सोडला की हळू, आणि काम झालं की पाय बाजूला. असा पाय मिळाला तर माझ्यासारखा भाग म्हातारा होतो, मरत नाही. माणूस म्हणून मात्र बाबा कडू. थोरल्या मुलीला, म्हणजे ताईला, त्यांनी गाडी शिकवली ती हातात लाकडी पट्टी घेऊन. गाडी बंद पडली की पट्टी डाव्या गुडघ्यावर. "क्लच नाजूक काम आहे. हत्तीच्या पायांचं नाही," असं वर म्हणायचे. ताई तेव्हा कॉलेजात होती. ती रडायची नाही, पण पट्टीच्या धाकाने तिने पेडलवरून पाय उचलणंच सोडून दिलं. पुढे पट्टी गेली, पाय राहिला. सरळ रस्त्याला, चौथ्या गिअरमध्ये, काही कारण नसताना तिचा पाय पेडलवर टेकलेला असायचा आणि मी अर्धवट दाबात कण्हत असायचो. माझा कप झिजला तो असा.

धाकटीला पट्टी बसली नाही. ती ताईपेक्षा बरीच लहान, तिच्यापर्यंत येईतो बाबांचा हात थकला होता. तिला ते चिंगी म्हणायचे आणि पुढच्या सीटवर बसवून फिरवायचे. ताई मागे. आई लवकर गेली तेव्हा चिंगीच्या वेण्या ताईनेच घातल्या, डबे ताईनेच भरले, तापात उशाशी ताईच बसली. हे मुद्दाम सांगतो. पुढे तुम्ही ताईला नावं ठेवाल, ती ठेवाच, पण हे माहीत असू द्या.

मग बाबांचं अर्धं अंग गेलं. एका सकाळी बाथरूमच्या दारात कोसळले ते पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले नाहीत. देह आडवा झाला, जीभ मात्र उभीच राहिली. त्यांना खाटेवरून खुर्चीत घ्यायचं तर दोघी लागतात: एकीने काखेत हात घालायचे, दुसरीने गुडघ्यांखाली. एकटीने करायला गेलं की कंबर जाते, आणि ताईची कंबर आधीच गेलेली होती. हे सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर वरच्या सिलिंडरकडून. पेडलच्या मागे बसून तो गाडीतलं एकूण एक बोलणं ऐकायचा आणि ऑइलबरोबर खाली पाठवायचा. त्याच्याइतका चोंबडा भाग अख्ख्या गाडीत दुसरा नव्हता.

चिंगीने रुग्णांना व्यायाम शिकवण्याचं शिक्षण घेतलं होतं. बाबांकडे बघूनच घेतलं असावं. दूरच्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याने तिला बोलावलं. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचे हातपाय हलवून घ्यायचे, राहायला खोली, फिरायला दवाखान्याची गाडी. अट एकच होती: महिनाअखेरपर्यंत गाडी चालवायचं लायसन हातात हवं. नाहीतर पुढचा उमेदवार तयार होता.

"मी शिकवते की तुला," ताई म्हणाली. "बाहेरच्या माणसाला कशाला बोलवायचं?"

त्याच्या थोडे दिवस आधी मिस्त्री ब्रेक बघायला घरी आला होता. जमिनीवर पोतं टाकून गाडीखाली सरकला, माझ्या तोंडावरची रबरी टोपी त्याने बोटाने उचलली, आणि आत साठलेलं ऑइल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"ताई, खालचा सिलिंडर संपला," तो खालूनच ओरडला. "वरचाही फार दिवस काढणार नाही. जोडीनेच बदलू या. नवा-जुना एकत्र बसवला की नव्याचा जोर जुन्याला झेपत नाही."

"बघू पुढच्या महिन्यात. तोवर चालेल ना?"

"चालेल. पण आता एकदा दाबून भागायचं नाही. दोन पंप मारा, मग गिअर टाका. दुसऱ्या दाबाला पेडल भरतं. आणि ऑइल बघत राहा." तो बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. द्यायची वेळ आली तर सांगून द्या."

"द्यायचीय कोणाला," ताई म्हणाली.

ती विसरली असं कुणी म्हणालं तर मी हसेन. विसरणारी बाई रोज सकाळी, चिंगी उठायच्या आत, बॉनेट उघडून डिकीतल्या बाटलीतून ऑइल भरत नाही. बाटली पुन्हा स्टेपनीच्या मागे लपवत तर अजिबातच नाही.

शिकवणी सुरू झाली. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यापर्यंत ताई गाडी न्यायची. प्रत्येक गिअरला धप-धप, असे तिचे दोन पंप मारलेले असायचे, आणि मी म्हाताऱ्या बैलासारखा दुसऱ्या टोचणीला उठायचो. मग चिंगी बसायची. काय पाय होता त्या मुलीचा! हलका, स्वच्छ, बाबांच्या पायासारखा. पूर्ण दाबायची, हळू सोडायची, काम झालं की पाय बाजूला. असा पाय मला बाबांनंतर लगेच मिळाला असता तर मी त्या गाडीबरोबरच म्हातारा झालो असतो. पण ती एकदाच दाबायची, आणि एका दाबात माझ्या फाटक्या कपाच्या कडेने ऑइल मागे निसटायचं. पिस्टन अर्ध्यावर अडायचा. क्लच सुटायचा नाही, गिअर कडाकडा दात खायचा.

"ताई, क्लच नीट लागत नाहीये गं. मी पूर्ण दाबलाय, बघ ना."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ताई म्हणाली.

अंगण खरंच वाकडं होतं. ते अंगण म्हणजे मी.

मुलगी मूर्ख नव्हती. एके दिवशी ताई चालवत असताना तिने नेमकं तेच विचारलं. "तू दरवेळी दोनदा दाबतेस. का?"

ताईने समोरच्या बैलगाडीला हॉर्न दिला. मग ताई अगदी मायेने म्हणाली, "माझी वाईट सवय आहे ती. बाबांनी पट्टी मारून मारून लावलेली. तू नको लावून घेऊस. परीक्षेला ते साहेब पायाकडेच बघत असतात. क्लच दोनदा दाबला की नापास. एकदाच दाबायचा."

वरच्याने हे वाक्य खाली पाठवलं तेव्हा त्यालासुद्धा हसू आलं नाही.

पुढचे दिवस तिने एकाच दाबावर जिवाचं रान केलं. गिअर ओरडला की ताई सांगायची, "सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही, चिंगे." कधी खांद्यावर हात ठेवून सांगायची, कधी पाण्याची बाटली पुढे करून. बाबा पट्टीने मारायचे, त्याचा निदान वळ तरी दिसायचा. घरी गेल्यावर बाबा खाटेवरून विचारायचे, "जमली का गाडी?" आणि ताई चिंगीच्या आधी उत्तर द्यायची, "येतंय हळूहळू. हत्तीचे पाय आमच्या घराण्यातच आहेत ना." बाबा हसायचे. चिंगीही हसायची, आणि दुसऱ्या दिवशी तिचा पाय पेडलवर येताना थरथरायचा. चांगला पाय बिघडायला वेळ लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी ताईनेच गाडी मैदानापर्यंत नेली. वाटेत धप-धप, धप-धप, गाडी लोण्यासारखी चालली. मैदानावर पोचल्यावर किल्ली चिंगीच्या हातात दिली आणि म्हणाली, "घाबरू नकोस. आणि लक्षात आहे ना, एकदाच."

साहेब शेजारी बसले. पहिला गिअर कसाबसा पडला. वळणावर दुसरा टाकताना असा आवाज झाला की बाकावर बसलेल्या लोकांनी माना वळवल्या.

"मॅडम, क्लच पूर्ण दाबा."

"दाबलाय, सर."

"दाबला असता तर असा आवाज आला असता का?"

मग चढ आला. चढावर थांबायचं, हँडब्रेक लावायचा, आणि गाडी मागे न सरकवता पुन्हा निघायचं. ती थांबली, हँडब्रेक लावला, क्लच दाबला, पहिल्या गिअरसाठी दांडा ढकलला. कडाकड. पुन्हा ढकलला. कडाकड. मी खाली काठावर होतो. आणखी एक दाब मिळाला असता तर पिस्टन पुढे गेला असता. आणि तिचा पाय वर आलाही! कुणी न शिकवता, आपल्या अकलेने, दुसरा पंप मारायला तो पेडलवरून उचलला गेला. मी वाट बघत होतो. पण तो तसाच हवेत थांबला. तिला ताईचं ते 'एकदाच' आठवलं असणार. पाय हळूच परत खाली आला, पेडलवर नुसता टेकला. घामेजल्या हाताने तिने दांडा दामटला, गिअर पडला असं वाटून हँडब्रेक सोडला, आणि गाडी उतारावरून मागे जाऊन खुणेच्या खांबावर आदळली.

दुसऱ्याच्या फजितीवर मी जन्मभर हसत आलो. त्या दिवशी हसू आलं नाही, उलट राग आला. कुणाचा ते विचाराल तर सगळ्यांचाच. बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईचा जास्त.

"हात बसल्यावर या," साहेब उतरताना म्हणाले. पुढची तारीख महिना संपल्यानंतरची मिळाली. दवाखान्याने दुसऱ्या मुलीला बोलावून घेतलं. परतीच्या वाटेवर चिंगी मागच्या सीटवर तोंड दाबून रडत होती आणि ताई धप-धप गिअर टाकत म्हणत होती, "असू दे गं. घर कुठे पळून चाललंय?"

काम झालं तसा मिस्त्रीला निरोप गेला. बाबांना तपासणीला न्यायचं होतं, आता गाडी धड हवी होती. मिस्त्री दोन नवे सिलिंडर घेऊन घरीच आला. आत ताई बाबांना अंघोळ घालत होती, दोन्ही हात साबणात. अंगणात चिंगी होती.

त्याने नळी सोडली, दोन नट काढले, आणि मी कित्येक वर्षांनी गिअरबॉक्सपासून सुटलो. पोटातलं काळं ऑइल पत्र्याच्या ताटलीत सांडलं आणि त्यातच मी पडलो. माझ्या जागी एक चकचकीत पोरटं चढलं. त्याने मला वळूनसुद्धा पाहिलं नाही. कारखान्यातल्या त्या शेजाऱ्याकडे मीही पाहिलं नव्हतं. वरच्याचीही उचलबांगडी झाली. तो माझ्या अंगावर येऊन पडला आणि पहिल्यांदाच गप्प राहिला.

नवे भाग बसले की नळीतली हवा काढावी लागते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली पेच सैल करून बुडबुडे बाहेर सोडायचे. दुसरा माणूस नव्हता म्हणून मिस्त्रीने चिंगीला सीटवर बसवलं.

"मी सांगेन तसं करा, मॅडम. दाबा. धरा. हां, सोडा. दाबा. धरा." बुडबुडे फसफसत होते, आणि मिस्त्रीला हात चालू असताना तोंड बंद ठेवता येत नाही. "तुमच्या ताईंनी कमाल केली हां. एवढ्या खराब क्लचवर एवढे दिवस गाडी चालवली. मी म्हटलंच होतं त्यांना, दोन पंप मारल्याशिवाय गिअर पडायचा नाही. सोडा. दाबा."

"कधी म्हटलं होतं?"

"ब्रेकच्या कामाला आलो होतो तेव्हा. तुम्ही शिकायला लागलात त्याच्या आधी. म्हटलं, दुसऱ्या कुणाला द्यायची तर सांगून द्या. धरा. हां, सोडा."

पेडल सुटलं नाही.

"सोडा ना, मॅडम. झालं. सोडा."

तो गाडीखालून सरकत बाहेर आला. चिंगी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून समोर बघत होती आणि डावा पाय तळापर्यंत दाबलेला होता. मग तिने तो हळूच सोडला, खाली उतरली आणि ताटलीपाशी येऊन वाकली.

"यातला खालचा कोणता?"

"हा. भंगार आहे तो, काय करणार त्याचं?"

"लागणार आहे," ती म्हणाली.

तिने मला पुसलं नाही. तशीच आत घेऊन गेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताईच्या बशीत ठेवलं. ताई पदराला हात पुसत आली.

"ही कसली घाण आणलीस टेबलावर?"

"याला दोन पंप मारायचे असतात म्हणे."

ताई खुर्चीत बसली. खोटं बोलायचा प्रयत्न तिने केला नाही, एवढं श्रेय मी तिला देतो. आतल्या खोलीत बाबा होते म्हणून दोघी हळू आवाजात बोलल्या, आणि हळू आवाजात बोललेलं जास्त लागतं.

"मग काय करणार होते मी?" ताई म्हणाली. "तू गेल्यावर बाबांना उचलायचं कुणी? माझी कंबर बघितलीस? तू एकदा गेलीस की सणासुदीला पाहुण्यासारखी येणार. माझं सगळं आयुष्य या खाटेच्या दांडीला बांधलंय, चिंगे. आणि तू गाडी घेऊन फिरणार, परक्यांच्या बापांचे पाय चोळत."

"मग 'जाऊ नकोस' म्हणायचंस."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

चिंगीने तिच्याकडे नीट पाहिलं. घाई केली नाही.

"थांबले असते," ती म्हणाली.

खरं बोलली की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, खोटं. पण सुरी कुठे घालायची ते तिला बरोबर कळलं होतं. मऊ पायाच्या मुलीला ते कळावं याचं मला आश्चर्य वाटलं, मग वाटेनासं झालं. त्याच घरातली ती.

पुढच्या तारखेला ती पास झाली. नव्या क्लचवर, एका दाबात. लायसन आलं, दुसरीकडून नोकरीचं विचारणंही आलं. ती गेली नाही. "तुला मी हवी होते ना घरात? आहे," एवढं एकदा म्हणाली, आणि त्यानंतर ताईशी बोलणं संपलं. बाबांना खुर्चीत घेताना काय शब्द उच्चारतील तेवढेच: धर, उचल, ठेव. रोज दुपारी ती किल्ली उचलते आणि गाडी घेऊन बाहेर पडते. कुठे जाते, सांगत नाही. परत येणार की नाही, तेही नाही. ताई खिडकीशी उभी राहते. कधी संध्याकाळ होते, कधी दिवे लागतात. गाडीचा आवाज आला की ताई चटकन ओट्याकडे वळते आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेते.

"तुम्ही दोघी भांडलात का गं?" बाबा खाटेवरून विचारतात.

"नाही, बाबा," दोघी एकदम म्हणतात.

आणि मी? मी टेबलावर आहे, ताईच्या जागेसमोर. माझ्या पोटात आता ऑइलचा थेंब नाही, पिस्टन गंजून जागीच बसलाय, कप कडक होऊन भेगाळलाय. चिंगी टेबल पुसते तेव्हा मला उचलते, खालची जागा पुसते आणि परत तिथेच ठेवते. ताई मला हातही लावत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी त्या घरी गेलात, तर दोघींची नजर चुकवून मला खिशात टाका आणि वाटेतल्या पहिल्या भंगाराच्या दुकानात देऊन टाका. मला भट्टीत घालोत, वितळवोत, हातोड्याने चेचोत, माझी तक्रार नाही. मी ओझं उचलायला जन्मलो होतो, पण ते ओझं गाडीचं होतं. हे मला उचलवत नाही. ताई आता टेबलाशी बसतच नाही. कंबर धरून, ओट्याला टेकून, उभ्यानेच चहा पिते.